वाचत बसलेल्या बायका

आमच्याकडे पुस्तक घेऊन बसलेली बाई म्हणजे रिकामटेकडी बाई. चिपळूणला आईने पुस्तक उघडलं की आतून कोणीतरी हमखास हाक मारायचं. म्हणून वडील गेल्यावर तिला अजमानला आणलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता खुशाल वाच, इथे तुला कोणी हाक मारणार नाही. मारणार तरी कोण? मी दिवसभर दुबईच्या ऑफिसात, लेक शाळेत. संध्याकाळी परतले की आई सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलेली दिसायची आणि मला हायसं वाटायचं. वाचतेय ना, म्हणजे बरी आहे. डायबिटीसमुळे डोळे जरा अधू झालेत, चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच ती सांगायची.

गेल्या हिवाळ्यात अबू धाबीच्या म्युझियममध्ये फ्रेंच चित्रं आली, सगळी वाचणाऱ्या बायकांची. म्हटलं, हे आईसाठीच. रविवारी यल्ला, यल्ला, चला लवकर करत दोघींना गाडीत कोंबलं. चित्रांतल्या बायका रेशमी झग्यांत, खिडकीशी नाहीतर पलंगावर लोळत वाचत होत्या. यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, देव जाणे. माझा उगाचच जळफळाट झाला.

एका चित्रापुढे आई मान तिरकी करून बराच वेळ उभी राहिली. ही काय वाचतेय गं, तिने विचारलं. मी वाकून पाहिलं. पानावर अक्षरं नव्हतीच, नुसते करड्या रंगाचे फराटे होते. तसं तिला सांगितलं.

"मलाही असंच दिसतं," ती म्हणाली.

कधीपासून, तर म्हणे गणपतीपासून.

"मग रोज पुस्तक घेऊन काय करतेस?"

"पानं उलटते. तू बिनघोर जावंस म्हणून."

लेकीने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, व्हॉट हॅपन्ड? नथिंग, मी म्हटलं.

गाडीत मात्र मी आईवर भडकले. इतके महिने गप्प बसलीस, मला परकी समजतेस का, काय वाट्टेल ते बोलले. राग तिचा नव्हताच, माझा मलाच आला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं, तर घरी थांबली असतीस?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उजाडायच्या आत निघालं नाही तर दुबईच्या वाटेवर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये माणूस अडकतो. मी निघाले.