बैलांना विचारून आलेला धोंडिबा

आमच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या कापसाची टोपली रोज संध्याकाळी रिकामी होते, किस्से मात्र साठतच जातात. जेवताना एखादा सांगितला की धाकटी विचारते, "आई, कॅन्सरच्या वॉर्डात एवढं हसू कसं येतं गं तुम्हाला?" काय सांगू तिला? येतं. मॅट्रिकनंतर पुष्कळ वर्षं घर सांभाळून मी चिंचवडच्या या छोट्या धर्मादाय दवाखान्यात ड्रेसिंगच्या कामाला लागले, तेव्हा मलाही ते खरं वाटलं नसतं.

आमच्या खोलीला सगळे 'तोंडाचा वॉर्ड' म्हणतात. जीभ, गाल, जबडा. तंबाखूचे आणि मिश्रीचे सगळे पाहुणे इथेच उतरतात. रेडियमचा उपचार लागला तर मुंबई गाठावी लागते. ऑपरेशनला डॉक्टर पुण्याहून येतात, स्टेशनपासून टांग्यानं.

*

धोंडिबा महाळुंग्याचा गाडीवान. चाकणच्या बाजारात लोकांचा कांदा पोचवायचा. जबड्याला गाठ घेऊन आला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जबड्याचा एक भाग आणि जिभेचा तुकडा काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल.

बाकीचे पेशंट विचारतात, वाचेन का? धोंडिबानं विचारलं, "साहेब, बैल हाकता येतील का?"

बैल त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेले. चाबूक कधी लावला नाही. जिभेनं टक् टक् केलं की चालायचे, आणि तेही फक्त त्याच्याच आवाजाला. भाऊ बबन गाडीवर बसला की जागचे हलत नसत. म्हणजे धोंडिबाची जीभ गेली तर बैल विकायचे आणि धंदाही बंद.

"आवाजाचं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस राहील."

धोंडिबा उठला. "बैलास्नी इचारून येतो."

आम्हाला वाटलं, गेला हा, आता कुठला येतोय. पण पुढच्या आठवड्यात बायकोला, हौसाबाईला, घेऊन दारात हजर.

"काय म्हणाले बैल?" डॉक्टरांनी विचारलं.

"जा म्हनले."

*

धोंडिबाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तळवड्याची एक सून आली. गालात जखम, आणि तोंड काही उघडेना. डॉक्टरांनी आरसा धरला, दिवा धरला, चमच्यानं प्रयत्न केला. दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट. जबडा आखडलाय म्हणजे रोग खोल गेलाय, असं म्हणून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

तिचे थोरले दीर शेजारीच उभे होते, तोंडात तंबाखूचा बार भरून. ते थुंकायला बाहेर गेले. त्यांची पाठ फिरली मात्र, बाईंनी पदर मागे सारून एवढा मोठा आ केला की डॉक्टरच मागे सरकले!

थोरल्या दिरासमोर तोंड कसं उघडायचं?

जखम लवकर सापडली होती. डॉक्टर खूश, बाईंना उपचाराला वॉर्डात ठेवून घेतलं. दीर आत आले तसं त्यांना स्टुलावर बसवून म्हणाले, "आता तुमचं उघडा."

*

धोंडिबाचं ऑपरेशन चांगलं झालं. पेनिसिलिन आता मिळू लागलं होतं, त्यामुळे जखमही धड राहिली. पण बरेच दिवस खाणं नाकातल्या नळीतून. दूध, पेज, गाळलेलं वरण.

दसऱ्याला हौसाबाई पुरणपोळी घेऊन आल्या. सणाला धन्याच्या पोटात पोळी गेलीच पाहिजे, असा हट्ट. शेवटी मी ती दुधात कुस्करली, फडक्यातून गाळली आणि नळीतून हळूहळू सोडली. धोंडिबानं डोळे मिटले, ढेकर दिला, आणि दोन बोटांची चिमूट करून बायकोकडे पाहिलं.

"गूळ कमी पडला म्हणत्यात," हौसाबाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, अहो, पोळी जिभेला लागलीच नाही, चव कळेल कशी?

"त्यांचं रोजचंच हाय."

*

नळी निघाल्यावर धोंडिबा पहाटेपासून टक् टक् करायचा प्रयत्न करू लागला. फस् फस् असं काहीतरी निघायचं. त्याच्याबरोबर अख्खा वॉर्ड जिभा वाजवायला लागला. तळवड्याची सूनसुद्धा, पदराआड.

एक दिवस तो फाटकापाशी गेला आणि डॉक्टरांच्या टांग्याच्या घोड्यावर आवाज करून पाहिला. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही. धोंडिबा आत आला, बसलेल्या गालावर पटक्याचा लोंबता शेव गुंडाळला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आमचे म्हातारे वॉर्डबॉय रखमाजी त्याच्या खाटेवर बसले. "अरे, तो पुण्याच्या डॉक्टरांचा घोडा. तो आपल्यासारख्यांचं ऐकतो व्हय?"

धोंडिबा हसला नाही. शेव मात्र तेव्हापासून तोंडावरून निघाला नाही. ड्रेसिंगपुरता तेवढा माझ्यासमोर काढायचा.

*

घरी जायच्या दिवशी बबन गाडी घेऊन आला. शेजाऱ्याचा पोरगा पुढून वेसण धरून ओढत होता, म्हणून बैल इथवर आले होते. बबन खाली मान घालून म्हणाला, उद्या पुनावळ्याचं गिऱ्हाईक बैल बघायला येतंय.

सगळा वॉर्ड ओसरीवर आला. धोंडिबा बैलांसमोर उभा राहिला, शेवाआडून त्यानं आवाज केला. बैल उभेच. पुन्हा केला. बैल उभेच. हौसाबाईंनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात उजव्या बैलानं मान लांब केली, शेव दातात धरला आणि ओढला. पटका गेला, त्याबरोबर मी नुकतीच लावलेली पट्टीही गेली, आणि ती तो निवांत चघळायला लागला.

उघड्या तोंडानं धोंडिबा सगळ्यांसमोर उभा. त्यानं बैलाकडे पाहिलं आणि तो हसला. अर्ध्या जबड्यातून ते हसू कसलं निघालं म्हणता! थोडी शिट्टी, थोडी टकटक. बैलांनी कान टवकारले आणि निघालेच. गाडी रिकामी, बबन मागून धावतोय.

"होऽऽ," धोंडिबा म्हणाला.

फाटकाच्या अलीकडे गाडी जागच्या जागी थांबली. कासऱ्याला कुणाचा हात नव्हता.

हौसाबाई पदर खोचून गाडीत चढल्या. बबन धापा टाकत परत आला.

"दादा, पुनावळ्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

धोंडिबाचे शब्द फुटके होते, पण ओसरीवर प्रत्येकाला कळले.

"बैलास्नी इचार."