हौदातलं निळं कापड

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. लग्नाच्या मांडवात, बुद्धजयंतीच्या जेवणानंतर, कुणाच्या तरी ओट्यावर — इतक्यांदा, की हशा कुठे येतो ते माझ्या बायकोला पाठ आहे. पण पूर्ण कधीच सांगितली नाही. मधला एक तुकडा दर वेळी गाळला, आणि इतक्या सफाईनं गाळला की पुढंपुढं मलाच वाटायला लागलं, तसं काही घडलंच नव्हतं. तो तुकडा आजवर मी कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते नका विचारू. सांगतोय, एवढंच.

मी तेव्हा हुमनाबादला मस्तानचाचांच्या दुकानात ताडपत्र्या शिवायचो. हायवेवरच्या लॉऱ्या आमच्याच दारात थांबायच्या. कॅनव्हास दाभणानं शिवायचा, आणि तेव्हा नवीनच आलेलं ते जाड निळं प्लास्टिकचं कापड पन्ह्याला पन्हा जोडून गरम इस्त्रीनं चिकटवायचं — हे दुसरं काम माझ्याइतकं नीट कुणाला जमत नसे. ही बढाई नाही. चाचाच म्हणायचे.

एक दिवस अप्पा दुकानात आले. मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर त्यांचं शेतातलं घर, तुरीचा मोठा व्यापार. त्यांची मंगल आठ वर्षांची होती आणि तिचा डावा पाय पोलिओनं गेलेला. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला रोज पाण्यात उभी करा, पाण्यात चालवा. अप्पांनी हौसेनं घराच्या मागं पोहण्याएवढा हौद बांधला. पण काळ्या रानात सिमेंटचा हौद टिकतोय कुठे? उन्हाळ्यात जमीन उलून भेगा पडल्या की हौदही उलायचा आणि पाणी गायब. दोनदा गिलावा करून अप्पा थकले होते. म्हणाले, "लॉरीचं ते निळं कापड आतून बसवता यील का रं?" असलं काम मी कधी केलं नव्हतं. तरी हो म्हणालो.

आणि केलं. तळाला बारीक वाळू अंथरली, अख्ख्या हौदाच्या मापाचं कापड जोडलं, कडा वर घेऊन शहाबादी फरशीखाली दाबल्या. यात खरी मेख शेवटी असते. मोटार चालू करायची आणि पाणी हळूहळू चढत असताना अनवाणी आत उभं राहून पायानं एकेक चुणी भिंतीकडं सारत न्यायची. घोटाभर पाणी असतं तोवरच कापड ऐकतं. ते काम ज्यानं कापड जोडलं त्यानंच करायचं असतं.

काम झालं तेव्हा वैनींनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवून घरातल्या कपबशीतून चहा दिला. इथंच सगळं सुरू झालं, असं म्हणू का? मी चार-पाच वर्षांचा असताना आमच्या घरातले देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली. पण आमचं आडनाव असं, की दोन्हीकडं चालतं. अप्पांनी ते ऐकून मला आपल्यातला धरलं. मी खोटं बोललो नव्हतो. कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यासाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला कप कसा असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हा तो कप नव्हता. चहा गोड होता आणि मी गप्प बसलो. एवढ्यासाठी तुम्ही मला दोष देणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी एवढंच सांगत आलो.

मंगलला पाण्यात चालवायला डॉक्टरांनी सुमनअक्काला पाठवलं. ती त्यांच्याकडं नर्सचं काम करायची, बिदरहून एसटीनं यायची. ती माझ्या आईच्या माहेरची, आमच्याच लोकांतली. पहिल्या दिवशी मला तिथं बघून थबकली. मी कपबशी हातात धरून बसलो होतो आणि ती पडवीत उभी होती. तिनं काय ओळखायचं ते ओळखलं. हळूच म्हणाली, "माय बरी हाय न्हवं?" आणि त्यानंतर त्या घरात ओळख म्हणून दाखवली नाही. तिला स्वतःबद्दल कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पाठवलेली बाई, एवढं पुरत होतं.

त्याच दिवशी तिनं मला विचारलं, ह्ये कापड कशाकशानं फाटतं? मी म्हणालो, टोकदार कशानंही. तेव्हापासून ती पाण्यात उतरण्याआधी हातातल्या बांगड्या काढून काठावर ठेवायची, पदराची पिन काढायची आणि पदर कमरेला गाठ मारून खोचायची. मंगलच्या पायातलं पैंजणसुद्धा काढायची. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. हे लक्षात ठेवा.

दोन-तीन महिन्यांत मंगल पाण्यात काठ सोडून चार पावलं टाकायला लागली. सुमनअक्का तिचे हात धरून चालवायची नाही, पुढं उभी राहून "ये की, ये की" म्हणायची. पोरगी पडायची, पाणी प्यायची, रागानं अक्काला चावायचीसुद्धा. आणि पुन्हा यायची. अप्पा काठावर उभे राहून डोळे पुसायचे. माणूस वाईट नव्हता हो. तसं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

मग एक दुपार. एका कोपऱ्यात फरशीनं कापड घासलं होतं, म्हणून ठिगळ लावायला मला बोलावलं होतं. वैनी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. सहज बोलावं तसं त्यांनी विचारलं, "तुमचे सोयरे कुठले वो?" आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर हा प्रश्न कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको. गाव विचारलं तर माणूस सुटतो. सोयरे विचारले की सुटत नाही. मामा कोण, मेव्हणा कोण, कुठल्या घरची लेक — दोन नावांत सगळं उघडं. मी इस्त्री तापवण्याचं निमित्त करून वेळ काढला. वैनी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "ती नर्स तुमच्यासंगं लई जवळच्यावानी बोलली पैल्या दिवशी. तुमच्यातलीच हाय का?"

काय म्हणता आलं असतं? "माहीत नाही" म्हणता आलं असतं. "आईच्या गावची आहे" म्हणता आलं असतं — तेही खरंच होतं. हसून विषय बदलता आला असता. एवढ्या वर्षांत मी अशी कितीतरी उत्तरं तयार केली आहेत. त्या दुपारी मात्र मला एकच सुचलं. प्रश्न माझ्यावरून उठून दुसऱ्या कुणावर तरी बसला पाहिजे, एवढंच.

मी म्हणालो, "न्हाई वैनी. ती आमच्यातली न्हाई. ती तिकडली हाय." आणि हात केला. गावाबाहेरच्या वस्तीच्या दिशेला. तो हात आपोआप उठला असं मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. आपोआप नव्हता. मी उचलला.

वैनींचे हात सुपात थांबले. माझे सोयरे त्यांनी परत विचारले नाहीत.

दोन दिवसांनी अप्पा दुकानात आले. माझ्याकडं न बघता बोलत होते. "कापड बदलायचंय रं. घरातल्या बायका ऐकंना झाल्यात. पोरीला त्या पाण्यात उतरू देईनात." मग चाचांच्या शिलाई मशीनच्या चाकाकडं बघत म्हणाले, "डॉक्टरला काय सांगू, त्येच कळंना झालंय. चांगली बाई हाय. कामून काढली म्हनून सांगू?"

त्यांनी मला काहीच करायला सांगितलं नव्हतं. हे नीट ऐका. त्यांना लाज वाटत होती. मी आणखी पाच मिनिटं गप्प बसलो असतो तर कदाचित ते तसेच उठून घरी गेले असते. मीच म्हणालो, "तिच्या पिनेनं कापड फाटलं म्हनू."

अप्पांनी मान हलवली. मी त्यांच्याबरोबर गेलो, पाणी उपसलं आणि दुकानातल्या पात्यानं उथळ बाजूला वीतभर चीर पाडली. माझ्याच हातचं कापड, माझ्याच हातची जोडणी. पातं सरळ गेलं.

सुमनअक्का ठरल्या वेळेला आली. वैनी पडवीतच उभ्या राहिल्या, अप्पा आत निघून गेले. दाखवायचं काम माझ्यावर आलं. अक्का रिकाम्या हौदात उतरली, वाकली आणि चिरेत बोट घातलं. पिनेनं फाटलं तर कापड ओरबाडतं, कडा चुरगळतात. ही चीर तर सुरीनं खरबूज कापावं तशी होती. ते कळायला ताडपत्रीवाला असावं लागत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. ह्यो बी आमच्यातलाच हाय — एवढंच म्हटलं असतं तर मी तिथंच संपलो असतो.

ती म्हणाली, "लागली असंल."

वर आली, पिशवी उचलली आणि एसटीच्या फाट्याकडं चालायला लागली. मंगल खिडकीतून "अक्का, अक्का" म्हणून हाका मारत होती. कुणीतरी खिडकी लावून घेतली.

आता हशाचा भाग. चाचांनी जुनं कापड बघितलं आणि म्हणाले, "कपडा तो अच्छा है रे, कायकू निकाल रैं?" नवं कापड जोडलं, वाळू बदलली, कारण वैनींना वाळूही नवी पाहिजे होती. मोटार चालू झाली, पाणी चढायला लागलं आणि चुण्या काढायला मी अनवाणी आत उतरलो. आधी घोटा, मग पोटरी. ज्यासाठी हे सगळं बदललं, तेच त्या पहिल्या पाण्यात उभं होतं. मला हसू आलं. खरंच आलं. मग वैनींनी कपबशीतून चहा दिला, तो मी तसाच पाण्यात उभा राहून प्यालो.

हीच माझी गोष्ट. 'आपल्यातली एक बाई पाण्यात उतरली म्हणून सगळा हौद बदलला, आणि नव्या हौदात पहिला पाय कुणाचा?' इथं लोक मांड्या थोपटत हसतात. मला म्हाताऱ्या माणसांनी मिठ्या मारल्या आहेत या गोष्टीसाठी. 'कशी जिरवली,' म्हणतात. वैनींना कळलं कसं, हे मात्र आजवर एकानंही विचारलं नाही.

सहा वर्षांनी बिदरला, जवळच्या कोळारच्या कारखान्यांतल्या कामगारांनी ठेवलेल्या एका कार्यक्रमात, कुणीतरी मला उभं केलं. हौदाची सांगा, हौदाची. मी उठलो आणि समोर बायकांच्या पहिल्या रांगेत सुमनअक्का बसली होती. केस पांढरे झालेले. ती मला बघत होती. घसा बसलाय म्हणून खाली बसता आलं असतं. मी सांगितली. नेहमीसारखी, कुठेही न अडखळता, चहाच्या कपापर्यंत. हशा नेहमीच्या जागी आला. ती हसली नाही, उठूनही गेली नाही.

जेवणाच्या रांगेत तीच माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. चारचौघांत बोलेल. खरं सांगू? मला भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. ती ताट हातात धरून म्हणाली, "ती मंगल चालायली का रं फुडं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तिनं मान हलवली आणि रांगेत पुढं सरकली. हुमनाबादहून ते घर एसटीनं अर्ध्या तासावर होतं. सहा वर्षांत मी एकदाही जाऊन विचारलं नव्हतं. त्या दिवसानंतरही गेलो नाही.