गप झालेलं पाणी

साळूबाई मूळची पासलीची. डोक्यावर भाताचे भारे घेऊन नदी पायी ओलांडण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. नवरा गेल्यावर ती भोरात केशवराव वकिलांकडे धुण्याभांड्याला राहिली. समुद्र तिनं एकदाच पाहिला, चौतीस साली, त्या घरच्या माणसांबरोबर मोटारीनं वरंधा घाट उतरून.

दोन टेकड्यांच्या कुशीतला किनारा. वारा बेताचा, वाळू मऊ, पायाला एक दगड लागेल तर शपथ. दोन्ही अंगांना लाटा फुटत होत्या. मधला एक पट्टा तेवढा सपाट, गढूळसर.

"कुंदा, इथं ये!" केशवरावांनी बायकोला हाक मारली. "लाटच नाही. आपला हौद जसा!"

"मालक, तितं नगा जाऊ," साळूबाई म्हणाली. "पानी वाजतं तितं तळ जवळ आसतो. ह्ये गप झालंया. खोल हाय, आन् वाळू वडून न्हेतंय आत."

"अगं, ही काय तुझी पासलीची नदी आहे?"

"पानी ते पानीच की वो!"

केशवरावांच्या आई, माई, पदर तोंडाला लावून हसल्या. केशवराव पाण्यात शिरले. मागोमाग कुंदावहिनी. त्यांच्या गुडघ्याला पाणी लागलं तशी साळूबाई धावली आणि पदर धरून असा हिसडा दिला, की वहिनी वाळूत बसल्याच.

"मालक, माघारी फिरा! बुडाल!"

केशवराव किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होते. जितके मारत, तितके लांब जात.

"सरळ नगा येऊ! बाजूला व्हा, लाटांकडं!"

कोळ्यांची होडी पोचली तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्यानंतर माईंनी साळूबाईला ओसरीपुढं उभं केलं.

"जीभ काढ."

तिनं काढली. टोकाशी तिळाएवढा काळा डाग.

"काळजिभी मेली! 'बुडाल' म्हणालीस आणि बुडाला माझा केशव!"

"माई, म्या बोलले म्हनून न्हाई, त्येंनी आयकलं न्हाई म्हनून बुडले. वैनी, तुमी व्हता की तितं. तुमाला म्या वडलं. सांगा की!"

कुंदावहिनी दाराआड होत्या, विधवेच्या लाल आलवणात, कपाळ झाकून.

"काय गं, काय म्हणते ही?" माईंनी विचारलं.

वहिनी आतूनच म्हणाल्या, "तिलाच विचारा, मला कशाला ओढलंन ते. हे आलवण नेसायला?"

साळूबाईनं आपल्या लुगड्याचं बोचकं उचललं.