खालचं बिऱ्हाड

बेटावर तिला सगळे टाचणीआत्या म्हणायचे. शिवताना तोंडात चार टाचण्या, आणि त्या काढल्या की तोंडातून जे निघायचं ते टाचण्यांहून टोकदार. पण हे सगळं टोक एका प्राण्यापुढे बोथट व्हायचं. तिचा बोका. नाव जावईबापू. दिवसभर लोळायचं, पुढ्यात येईल त्याला नाक मुरडायचं आणि घरातली एकुलती गादीची खुर्ची अडवायची. दुसरं काय नाव ठेवणार?

नवऱ्यानं आणलेला. बोटीवरून उतरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशातून दोन कान डोकावत होते. "उंदीर तुझं कापड कुरतडतात ना? घे, शिपाई आणलाय." पुढे काही वर्षांनी नवरा गेला. शिपाई राहिला, आणि बढती मिळून जावई झाला.

उंदीरही बोटीतूनच आलेले, पोत्यांत बसून, फुकट. त्याआधी बेटावर चार पायांचं काही नव्हतंच. होते ते कुरबुऱ्या. काळेसावळे समुद्रपक्षी. हवेत राजे, जमिनीवर मात्र लडबड लडबड, आणि बिळात एकच अंडं. त्यांना सगळ्यात आवडायचं ते माणसांच्या घराखालचं बीळ. म्हणून बेटावरचा सुतार जोत्याला एक भोक ठेवायचाच, आणि स्वयंपाकघरातली एक फळी बिनखिळ्याची. पिल्लू अडकलं तर हात घालून सोडवता यावं म्हणून.

संध्याकाळी आत्या आणि नवरा जेवायला बसले की खालच्या बिऱ्हाडातही भांडण सुरू व्हायचं.

"आज मीठ जास्त पडलंय," नवरा म्हणायचा.

फळीखालून यायचं, कुर्र-घों!

"बघा, तिलासुद्धा पटत नाही तुमचं."

"ती नाही, तो आहे. माझ्या बाजूनं बोलतोय बिचारा."

मग उंदरांनी अंडी खाल्ली, आणि उंदरांसाठी घरोघरी आणलेल्या मांजरांनी अंड्यांच्या आया. रोगापेक्षा इलाज भयंकर! एका वर्षी खालचं बिऱ्हाड रिकामंच राहिलं. फटीतून नुसता वारा यायला लागला, तेव्हा नवऱ्यानं फळी ठोकून टाकली. त्यानंतर मीठ जास्त पडलं तरी जेवताना कुणी काही बोलेना.

आता बेट स्वच्छ करायची मोहीम निघाली होती. तिचा मुकादम आत्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत्या, उंदीर संपत आलेत. मांजरंही सगळ्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर पाठवली. तुमचा जावई तेवढा राहिलाय."

"जावयाला कुणी घराबाहेर काढतं का रे?"

"शेजारच्या खडकावर थोडे कुरबुऱ्या उरलेत. जागा बघायला इकडे येतीलही. पण एक जरी बोका असला..."

"अरे, म्हातारा झालाय तो! परवा दोऱ्याचं रीळ घरंगळत गेलं, तर नुसता बघत बसला. तो काय पाखरू धरणार? जा, तुझ्या पॅंटची शिवण उसवलीय, उद्या घेऊन ये."

आणि हे तिला मनापासून खरं वाटत होतं. आपल्या माणसाबद्दल वाटतंच तसं.

एका संध्याकाळी ती पडद्याला दुमड घालत बसली होती. खालून आवाज आला. कुर्र-घों.

सुई बोटात गेली, तिला कळलंही नाही. गुडघे कुरकुरत असताना ती जमिनीवर उतरली, फळीला कान लावला.

"आलास का रे?"

खाली काहीतरी धडपडलं. मग चिडीचूप. थोड्या वेळानं दारातून जावईबापू आले, शेपटी उभी, छाती पुढे. आत्याच्या पायाशी त्यांनी आणलेलं ठेवलं. एवढ्या वर्षांत जावयानं सासरी पहिल्यांदाच काही आणलं होतं.

पाखरू अजून गरम होतं. मान तेवढी कलली होती.

ती बोक्यावर ओरडली नाही. "तुझी काय चूक, बाबा," एवढंच म्हणाली, आणि कपाटातून नवऱ्याचा कोट काढला. बेतून, कापून, त्याची पिशवी शिवली. बाजूला जाळीची खिडकी, तळाला अस्तर. खिसा मात्र होता तसा ठेवला.

बोक्याला न्यायला पलीकडून भाची आली.

"आत्या, तूच चल ना त्याच्याबरोबर. एकटी इथे काय करणार?"

"आणि खाली कुणी आलं, तर ऐकायला कोण?"

"आणि नाहीच आलं कुणी तर?"

आत्यानं तोंडात टाचण्या धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की तिला उत्तर द्यावं लागत नसे.

बोट सुटली. जाळीतून दोन कान तेवढे दिसत राहिले, मग तेही नाही.

घरी येऊन तिनं पक्कड घेतली आणि नवऱ्यानं ठोकलेले खिळे एकेक करून उपटले. फळी सुटी झाली. गार वारा वर आला. कोट असता तर खांद्यावर घेतला असता. गादीची खुर्ची आता मोकळी होती, पण ताट घेऊन ती खाली, फळीशेजारीच बसली.

"आज मीठ जास्त पडलंय," ती फटीत वाकून म्हणाली, आणि घास हातात तसाच धरून थांबली.