अल्फारेटातून पाहिलेली सिंहीण

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळींत हिमानी दाणी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे तिच्या हातचा वडाभात आणि दुसरी म्हणजे तिला सिंहिणी ओळखता येतात. पहिल्या गोष्टीचं कौतुक होतं. दुसरीवर लोक हसतात, पण घरोघरचे डबे जमवून पॉटलकला बसल्यावर हमखास विचारतात, "काय म्हणते तुमची केनियाची मावशी?" आणि हिमानीही अशी वेडी की खरंच सांगायला लागते.

ती मूळची नागपूरची. वय चव्वेचाळीस, नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका डोळ्यात तेल घालून शोधणं हे तिचं काम. तिचा नवरा केदार म्हणतो की ऑफिसातलं काम ती घरीही आणते, आणि ते खोटं नाही. डब्याचं झाकण उलटं लागलेलं तिला हॉलमधून दिसतं.

या नजरेला लायक असं काम तिला नऊ वर्षांपूर्वी सापडलं. केनियातल्या एका गवताळ रानात एक छोटी संशोधन संस्था झाडांना कॅमेरे बांधून ठेवते. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढतो. त्यात वाऱ्यानं हललेलं गवत असतं, झेब्र्याची पाठ असते, कॅमेरा चाटायला आलेल्या तरसाची जीभ असते, आणि हजारात एखाद्या फोटोत सिंह असतो. हे लाखो फोटो जगभरातले स्वयंसेवक घरबसल्या निवडतात. हिमानी शनिवार-रविवारी पहाटे उठून, चहा घेऊन, घरामागच्या लाकडी डेकवर बसून हे करते. तिच्याकडे सहा वाजलेले असतात तेव्हा तिथे दुपारचा एक असतो.

सिंहांच्या मिश्या जिथून फुटतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. सगळ्यात वरच्या ओळीतले ठिपके प्रत्येक सिंहाचे निराळे, आणि जन्मभर तेच. नवख्या माणसाला ते माशा बसल्यासारखे दिसतात. हिमानीनं वर्षभरात त्या रानातल्या बावन्न सिंहांचे ठिपके पाठ केले. तिनं केलेल्या खुणेची पुन्हा तपासणी करायची गरज नाही, असं संस्थेनं तिसऱ्या वर्षी ठरवलं. हा मान तेव्हा जगात चारच जणांना होता, हे तिनं पॉटलकला निदान चार वेळा सांगितलं असेल.

या बावन्नांत एक सिंहीण, नोंदीतला क्रमांक एफ-सत्तावीस. पहिल्या फोटोत ती पाच वर्षांची होती. डाव्या गालावर वर तीन ठिपके, उजव्या गालावर चार, आणि उजवा कान जरासा फाटलेला. बाकीच्या सिंहिणी शिकारीला गेल्या की ही सगळ्यांची पिल्लं घेऊन बसायची. सात सात पिल्लं अंगावर, शेपटीवर, आणि हिचा चेहरा लग्नघरी भांड्यांच्या खोलीवर बसवलेल्या बाईसारखा. हिमानीनं फोटोखाली शेरा लिहिला, 'मावशी'. तिथली फोटोंची जबाबदारी सांभाळणाऱ्या वांजिरूनं विचारलं, याचा अर्थ काय? हिमानीनं सांगितलं, आईची बहीण. आई नसताना आई. वांजिरूला ते इतकं आवडलं की त्यांच्या नोंदीत एफ-सत्तावीसपुढे तेच नाव लागलं. आमच्याकडे तर मांजर ही वाघाची मावशी, म्हणजे नातं घरातलंच, असंही हिमानीनं वर लिहून पाठवलं.

दरवर्षी ऑगस्टमध्ये संस्था आठ स्वयंसेवकांना तीन आठवड्यांसाठी रानात बोलावते. तंबूत राहायचं, पहाटे गाडीतून सिंह शोधायचे, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या. हिमानीला चौथ्या वर्षापासून दरवर्षी बोलावणं येतं आणि दरवर्षी ती तब्येतीचं, शाळेचं, ऑफिसचं काहीतरी कारण कळवते. खरं कारण एकच. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. अमेरिकेत राहून नोकरी करायला परवानगीचा कागद पुरतो, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो घ्यायला भारतात जावं लागतं. शिक्का चार दिवसांत मिळतो किंवा चार महिन्यांत, ते कोणी सांगू शकत नाही. केदारचं आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं, अनयाचं, इथं राहणं हिमानीच्या नोकरीला बांधलेलं. ती अडकली की घर अडकलं. ग्रीन कार्डच्या रांगेत ते अकरा वर्षं उभे आहेत आणि रांग अशी हलते की हलली म्हणायचीही लाज वाटावी.

इथे आपल्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस हे गणित जाणतो. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या नाही, हे पत्रिका बघून नव्हे, पासपोर्ट बघून ठरतं. केदारचे वडील गेले तेव्हा करोनाची दुसरी लाट होती. परतीची दारं बंद होती. केदारनं बारा दिवस फोन भिंतीला टेकवून नागपूरचे विधी पाहिले. हिमानी त्याच्या शेजारी बसली होती, आणि तिकिटाचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

म्हणून या वर्षी मार्चमध्ये वांजिरूचं पत्र आलं तेव्हा हिमानीनं ते दोन दिवस केदारला दाखवलं नाही. वांजिरूनं लिहिलं होतं की मावशी आता चौदा वर्षांची झाली. दात झिजलेत, मागचा पाय ओढते, कळपाच्या मागे राहते. रानातली सिंहीण याहून फार जगत नाही. तुला तिला बघायचं असेल तर हा शेवटचा ऑगस्ट धर.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं. केदार बराच वेळ वरण कालवत राहिला.

"बाबांच्या वेळी आपण नाही गेलो, हिमानी," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं म्हणाला.

"माहितेय."

"आणि आता सिंहिणीसाठी रिस्क घ्यायची?"

 ताट उचलून ती सिंककडे गेली. तिला जायचंच होतं. इतकं की भांडी घासताना तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही जायचंच होतं.

आठवड्यानं केदारच लॅपटॉप घेऊन आला. "हे बघ, मुंबईची स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट ऑगस्ट एंडला मिळतेय. केनियातून डायरेक्ट तिकडे जा, स्टॅम्प घे, सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या वीकेंडला परत ये. मी बुक करतो."

"केदार, नक्की?"

"बाबा असते तर म्हणाले असते, सून सिंह बघायला चाललीय आणि तू काय फॉर्म भरत बसलास? तिकीट काढ." तो थोडा हसला. "यार, कोणीतरी तर जाऊन यावं आपल्यापैकी कुठंतरी."

अनया म्हणाली, "Mom, you should totally go," आणि स्वतःच्या हायकिंगच्या बुटांची जोडी तिला देऊन टाकली, कारण मायलेकींचं माप एकच होतं.

पुढचे चार महिने हिमानी जमिनीवर नव्हती. संध्याकाळी घराभोवतीच्या सबडिव्हिजनच्या रस्त्यांवर ती ते बूट घालून चालायची, सवय व्हावी म्हणून. खाकी कपडे आणले, दुर्बीण आणली. वांजिरूसाठी बाकरवडी घेतली आणि मग ती मऊ पडेल म्हणून स्वतःच खाल्ली. पहाटे डेकवर बसून ती मावशीचे फोटो मोठे करून बघायची आणि हिला श्वास घेताना बघायचं आहे, एवढंच तिच्या मनात यायचं. फोटोत सगळं दिसतं, पण पोट हलताना दिसत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेल आला. मुंबईची तारीख पुढे गेली होती. ऑगस्टची थेट जानेवारी झाली होती. हिमानीच्या मॅनेजरनं चांगुलपणानं चौकशी केली आणि सांगितलं की कंपनीत पाच महिने बाहेरून काम करता येणार नाही. केदारनं वकीलबाईंना फोन लावला, त्यांनीही तेच सांगितलं. मग हिमानीनं एका दुपारी विमान कॅन्सल केलं, सुट्टी कॅन्सल केली, आणि वांजिरूला लिहिलं की या वर्षी अनयाची शाळा आहे. इतकी वर्षं खोटी कारणं दिल्यावर खरं कारण लिहायला तिला जमेना.

नंतर जे घडलं ते हिमानीकडून घडेल असं कोणी म्हटलं असतं तर मीही हसलो असतो.

जूनच्या मध्यापासूनच मावशी कॅमेऱ्यांत दिसली नव्हती. आनंदाच्या भरात हिमानीनं ते मनावर घेतलं नव्हतं. आता जुलैचा शेवट आला. ती रोज पहाटे उठू लागली, ऑफिसच्या दिवशीही. कळप दिसायचा, मावशी नाही. मग एका पहाटे एका सुकलेल्या नदीच्या पात्रातला फोटो आला. एकटी सिंहीण, मान खाली, डावा गाल कॅमेऱ्याकडे. हिमानीनं फोटो मोठा केला. वर तीन ठिपके होते. आणि थोडं मागे, सावलीत, चौथाही होता.

तो तिला दिसला. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे तिनं स्वतःलाही सांगून पाहिलं की उजेड कमी होता. पण जिला डब्याचं उलटं झाकण हॉलमधून दिसतं तिला चौथा ठिपका दिसणार नाही, असं होत नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवून तो झाकला, आणि खाली लिहिलं, एफ-सत्तावीस.

त्या दिवशी तिनं वडाभात केला. आठवड्याभरात त्याच पात्रातले आणखी दोन फोटो आले आणि तिनं तेच लिहिलं. तिच्या खुणा पुन्हा कोणी तपासत नव्हतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वांजिरूनं व्हिडिओ कॉल केला. पाठीमागे तंबू होते आणि त्या वर्षीचे आठ लोक जेवत होते. हिमानीनं एक एक करून त्यांचे चेहरे बघितले.

"तुझे तीन फोटो बघून आम्ही पात्रात गेलो," वांजिरू म्हणाली. "म्हातारी आजारी असेल, डॉक्टरला दाखवू, म्हणून दोन दिवस शोधलं. ती एफ-एकेचाळीस आहे, हिमानी. धडधाकट आहे. डावीकडे चार ठिपके."

हिमानीनं त्या आठ जणांवरची नजर वांजिरूकडे वळवली.

"तू कधी चुकत नाहीस."

"चुकले नाही," हिमानी म्हणाली. "दिसला होता मला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. शिक्का, रांग, सासऱ्यांचे बारा दिवस, मुंबईची तारीख. सहा वर्षांची कारणं खोटी होती तेही सांगितलं. मावशी गेली असेल तर माझं जायचं काही उरतच नाही, म्हणून तिला ठेवली, असं तिनं जसंच्या तसं म्हटलं. ती रडत होती आणि तिनं ते लपवलं नाही.

वांजिरूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "या वयाची सिंहीण दोन महिने कुठेच दिसली नाही तर ती गेली असं आम्ही धरतो, आणि आमच्या नोंदीत मेलेल्या सिंहाला जिवंत ठेवता येत नाही. तू ते तीन फोटो दुरुस्त कर. पुढचे सहा महिने तुझे फोटो दुसरं कोणी तपासेल. आणि मावशीचा शेवटचा कागद तूच भर. ज्याला तो प्राणी सगळ्यांत जास्त माहीत, त्यानं भरायचा असतो."

शनिवारी पहाटे ती डेकवर बसली. तीन फोटोंखालचं नाव बदललं तशी मावशीची शेवटची तारीख आपोआप मागे सरकून चौदा जूनवर थांबली. मग तिनं पडद्यावर तो शेवटचा कागद उघडला. जन्म, अंदाजे. पिल्लं किती, जगली किती. कोणाकोणाची सांभाळली. हे सगळं तिनं एकदाही नोंदी न चाळता भरलं. स्वभावासाठी चार ओळींची जागा होती, तिला ती पुरली नाही.

सर्वांत खाली, सही करण्याआधी, एक प्रश्न होता. आपण या प्राण्याला रानात प्रत्यक्ष पाहिलं आहे का? खाली दोन पर्याय होते. तिनं तो तसाच सोडून सही करायचा प्रयत्न केला, पण कागद पुढे जाईना.

हिमानीनं 'नाही'वर खूण केली आणि कागद पाठवून दिला.