पोपटीपाशी थांबलेली ताई

भांबुर्डीचा पाला हाताला लागला की मला नेरळजवळच्या आमच्या शेतातली ती संध्याकाळ आठवते. ज्या बिनचित्रांच्या पुस्तकांतल्या गोष्टींवर आम्ही भावंडं वाढलो, त्यांची मालिका सात वाजता टीव्हीवर सुरू होणार होती, आणि भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरलेलं पोपटीचं मडकं अजून जाळातच होतं. पेटलेली पोपटी कुणी सोडून जात नाही. मी सारखी मडक्यावर पाणी शिंपडत होते. थेंब लगेच उडून गेला की शेंगा शिजल्या, पण तो नुसताच रेंगाळत होता. धाकटा भाऊ रडकुंडीला आला. ती पुस्तकं आम्हाला वाचून दाखवणारी ताई काटक्या सारत म्हणाली, "जा रं तुमी. मी थांबते." मी म्हटलं, "अगं, वर्षभर तूच तर वाट बघतेस." ती जाळाकडेच बघत होती. "आता भ्या वाटतं. गोष्टीतली ती पोर मला दिसते तशीच राहू दे." आम्ही बांधावरून पळत सुटलो. आता तीच पुस्तकं मी माझ्या लेकीला वाचून दाखवते, आणि पानोपानी टीव्हीवरचीच मुलगी समोर येते. आधी माझी कशी होती, ते काही केल्या आठवत नाही.