पावसाळ्यात तुटली तर आपली

मेसेज आला तेव्हा मी ग्रुपवर लिफ्टची मतं बघत होते. कोपरगावातली आमची हाउसिंग बोर्ड कॉलनीतली जुनी बिल्डिंग पाडून नवी होणार, त्याचा ग्रुप मीच काढलेला. लिफ्ट लहान हवी की मोठी, असं विचारलं होतं. शांतवन मामांनी आदल्या दिवशीच लिहिलेलं, 'मोठी. स्ट्रेचर आडवं मावलं पाहिजे.' आणि आता त्यांच्या भाच्याचा मेसेज, मामा सकाळी गेले... त्याच्याखाली कुणीतरी, न वाचताच, 'लहान पुरे' टाकलं. महिना होऊन गेला. तो ग्रुप मी उघडते, लगेच बंद करते.

मामा म्हणजे सख्खे नव्हेत. ते तळमजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. शाळेच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. शाळेने टाकून दिलेला काचपट्ट्यांचा एक डबा त्यांच्याकडे होता, त्या आपण मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल ठेवून बघायचो ना, त्याच. एकदा कुणी इंजिनियर बिल्डिंग बघायला आला आणि त्याने भिंतीच्या भेगेवर आडवी काच चिकटवली, दोन्ही टोकांना प्लास्टर. भिंत हलली की काच तुटणार, एवढं सोपं. इंजिनियर परत आला नाही, पण मामांना नाद लागला. जिन्यात, गच्चीच्या कठड्याला, लोकांच्या बेडरूममध्येसुद्धा काचा, खाली पेन्सिलने तारीख. रविवारी चर्चमधून आले की बायबल काखेत धरून घरोघर बघत फिरायचे. माझी आई म्हणायची, "मामा, आमच्या भिंतीला काय शुगर झालीय? दर आठवड्याला तपासता ते." मामा म्हणायचे, "भिंतीचं सोड, तुजी कधी तपासली?"

त्यांचा एक नियम होता. आमच्याकडची माती काळी, उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आणि वरची बिल्डिंगही तिच्यासोबत हलते. "काच उन्हाळ्यात तुटली तर मातीची. पावसाळ्यात तुटली तर आपली." म्हणजे पावसात भेग मिटायला हवी, तेव्हाही उघडत असेल तर बिल्डिंगच गेली. मे महिन्यात काचा तुटायच्याच, मामा नव्या लावायचे आणि सांगायचे, पाडायची गरज न्हाई. आणि इकडे आमच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर आईपासून हातभर अंतरावर पडलेलं. मी संमतीचे फॉर्म घेऊन दारोदार फिरत होते. मामा सही करेनात, आणि ते करेनात म्हणून आणखी चार घरं करेनात.

"आली का पाडापाडी?" मला बघून म्हणायचे.

"मामा, तुमची काच बघू की आमचं छत?"

"पाडायला लई तर आठ दिवस लागतील. नवी हुईपर्यंत आमच्यातलं कोण कोण ऱ्हाईल, ते हाय का तुझ्या फॉर्मवर?"

मी म्हणाले, तुम्हाला तुमचा ओटा सोडवत नाही एवढंच आहे. संध्याकाळी त्या ओट्यावर अर्धी कॉलनी बसायची. मामा उठून आत गेले. मला वाटलं, जिंकले.

श्रावणात एका सकाळी ते जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे कितीतरी वर्षांत चढले नव्हते. हातात काचेचे दोन तुकडे. "आमच्या किचनातली. काल तुटली," म्हणाले आणि पेन मागितलं. सही केली, चहा न घेता गेले. मी त्या सहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, फुलं-बिलं लावून. हे लिहिताना पण लाज वाटतेय. डब्यात काचा शिल्लक होत्या. एक नवी लावून गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

दिवाळीनंतर सगळे पांगलो. मामा-मामींना खोली मिळाली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. मामा खाली उतरेचनात. मी दोनदाच गेले... तीन महिन्यांत ते गेले. आणि जुनी बिल्डिंग अजून उभीच आहे, रिकामी. मी रोज तिच्यावरून जाते आणि तेच डोक्यात. पडली असती तर? आणि नसतीच पडली, अजून पाच-सात वर्षं? मग मामा ओट्यावर असते. पण पडली असती तर खाली तेच होते, मामी होत्या, वर आई. कुठूनही सुरुवात केली तरी मी परत तिथेच येते.

शेवटी मामींना विचारलंच. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "तुझ्यामुळं न्हाई गेले गं. पण हितं त्यांना बोलायला कुणी नव्हतं, ते बी खरंच हाय."

मग त्यांनी दार ओढून घेतलं. दारामागे भिंतीला केसाएवढी भेग, तिच्यावर काच. खाली मामांच्या अक्षरात तारीख, राहायला गेले त्याच आठवड्यातली. भाड्याची खोली, दुसऱ्याची भिंत, तरी.

आता रविवारी मी जाते. मामी चहा टाकतात, मी दार ओढून बघते. कालही बघितलं, काच शाबूत आहे. मामी आतून म्हणाल्या, "काय म्हणतीय?"

मी म्हणाले, "बरी आहे. पण अजून पावसाळा यायचाय."